अंगणातला आंबा काढण्यापूर्वी घेतलेला सल्ला : नौपाड्यातील एक अनुभव

ठाण्यातील जुन्या बंगल्यांच्या आणि लहान सोसायट्यांच्या आवारातील झाडे तपासून लेखी सल्ला देणाऱ्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिकांची सेवा आम्ही फेब्रुवारी 2024 मध्ये घेतली. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात आणि त्यांचे काम एकाने दुसऱ्याला सांगूनच चालते, म्हणून मीही येथे त्यांचा उल्लेख तसाच करतो. ज्यांच्या दारात जिवापाड जपलेले एखादे झाड आहे आणि अलीकडे वारा सुटला की ज्यांचे लक्ष आपोआप त्याच्या शेंड्याकडे जाते, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर घंटाळी मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. वडिलांनी 1981 च्या पावसाळ्यात आईच्या माहेरून, संगमेश्वराकडून, रायवळ आंब्याची एक कोय आणून मागच्या अंगणात लावली होती. फळ लहान, शिरांनी भरलेले आणि विकत कोणी घेणार नाही असे. पण त्याची कैरी इतकी कडक आणि आंबट असे की आईच्या लोणच्याच्या फोडी पुढच्या वैशाखापर्यंत करकरीत राहत. वडील 2011 मध्ये गेले. त्यानंतर दर पाडव्याला तोरणाची पाने याच झाडाची असावीत असा आईचा आग्रह राहिला आणि ‘हे झाड काढावे लागेल का’ हा प्रश्न तिच्यासमोर उच्चारण्याचे धाडस घरातल्या कोणाला झाले नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये पाऊस ओसरल्यावर बुंध्याच्या गल्लीकडच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक अळंबी दिसली. ती तळहाताएवढी, लाखेचा हात दिल्यासारखी तांबूस-तपकिरी आणि तकतकीत होती, कडेला पांढरी किनार होती आणि हाताला लाकडासारखी टणक लागत होती. मी ती उपटून टाकली. डिसेंबरात तिच्या शेजारी आणखी दोन आल्या. त्याच सुमारास जमिनीपासून आठ फुटांवरच्या बेचक्यात, जिथे खोडाचे दोन जाड हात फुटतात तिथे, एक उभी फट लक्षात आली. झाड गल्लीकडे थोडे कललेले होतेच. भिंतीपलीकडे त्याच्या सावलीत दुपारी तीन-चार रिक्षा विश्रांतीला उभ्या राहतात, एक भाजीची हातगाडी लागते आणि गल्लीच्या पलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर आहे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, कुलाब्याला ताशी 114 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली, त्या दिवशी आमच्याच गल्लीच्या तोंडावरचा गुलमोहर मुळांसकट आडवा झालेला मी पाहिला होता. ते चित्र डोक्यातून जात नव्हते.

बाईंना बोलावण्याआधी झाडे तोडणारे दोघेजण येऊन गेले, आणि सल्ला कोणाचा घेऊ नये हे समजण्यासाठी त्यांच्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. पहिल्याने लाकूड त्याला दिल्यास फुकट तोडून देण्याची आणि परवानगीच्या भानगडीत न पडता रात्रीतून उरकण्याची तयारी दाखवली. ते नको असेल तर बुंध्यात भोके पाडून अ‍ॅसिड ओतावे, झाड वाळले की परवानगी सहज मिळते, असेही सुचवले. दुसऱ्याने शेंडा उडवून टाकण्याचा सल्ला दिला आणि त्याचे बारा हजार सांगितले. दोघांपैकी एकानेही खोडाला हात लावला नाही आणि अळंबीकडे पाहिलेसुद्धा नाही.

बाई शनिवारी सकाळी आठ वाजता आल्या. खांद्यावरच्या पिशवीत एक लाकडी हातोडा, दीड फुटाची बारीक पोलादी सळई, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, दुर्बीण आणि वही एवढेच सामान होते. पहिली पंधरा मिनिटे त्या झाडाजवळ गेल्याच नाहीत. गल्लीतून, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून आणि आमच्या मागच्या दारातून त्यांनी झाड पाहिले, गल्लीतल्या रिक्षा किती वाजता येतात आणि किती वेळ थांबतात हे भाजीवाल्यांना विचारले आणि शेजारच्या काकूंना, तुम्ही ओट्याशी साधारण किती वेळ उभ्या असता, असे विचारून तेही वहीत टिपले. मला तेव्हा याचे आश्चर्य वाटले. नंतर त्यांनी समजावले की धोका हा झाडाचा गुण नसून झाड, वारा आणि त्याखाली येणारे माणूस या तिघांचा मिळून होतो. तेच झाड मोकळ्या माळावर असते तर त्यांनी त्याला हातही लावू दिला नसता.

मग त्यांनी बुंध्याभोवती फिरत हातोड्याने ठोकायला सुरुवात केली. अंगणाकडच्या बाजूला आवाज टणक आणि छोटा येत होता. गल्लीकडे वळल्यावर तो घुमू लागला, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. बाईंनी मला डोळे मिटून ऐकायला सांगितले आणि आवाज बदलला की हात वर करायला सांगितला; तीन फेऱ्यांत मी तिन्ही वेळा एकाच जागी हात वर केला. त्या जागी त्यांनी खडूने रेघ ओढली. अळंबीच्या खाली, दोन मुळांच्या मधल्या खोबणीत, त्यांनी सळई टेकवली आणि फारसा जोर न लावता ती 35 सेंटिमीटर आत गेली. बाहेर काढली तेव्हा तिला पांढरट, ओलसर, तंतूतंतू झालेला भुगा चिकटला होता आणि त्याला कुबट वास येत होता. आई तिथे उभी होती. तिने तो भुगा दोन बोटांत चोळून पाहिला आणि काही न बोलता आत गेली.

छातीच्या उंचीवर खोडाचा घेर 198 सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास 63 आणि त्रिज्या साधारण 31 सेंटिमीटर. बाईंनी आमची परवानगी घेऊन बुंध्याला तीन ठिकाणी अगदी बारीक, तीन मिलिमीटरचे भोक पाडले आणि आतून येणारा भुसा पाहत राहिल्या. पिवळसर, कोरडा, वळ्यावळ्यांचा भुसा येणे थांबून लगदा येऊ लागला की खोली मोजायची. अंगणाकडे 11, एका बाजूला 6 आणि गल्लीकडे 4 सेंटिमीटर एवढेच निरोगी लाकूड उरले होते. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माटेक यांनी मोडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या पोकळ झाडांची मोजमापे घेऊन असे मांडले आहे की निरोगी कवच त्रिज्येच्या साधारण 30 टक्क्यांहून कमी उरले की खोड मोडण्याची शक्यता वाढते. आमच्या झाडाला त्या हिशेबाने सुमारे साडेनऊ सेंटिमीटर हवे होते. मात्र हा आकडा म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, तो पूर्ण बंद पोकळीसाठी आहे आणि इथे तर पोकळी मुळांपर्यंत उतरलेली आहे, हे बाईंनी लगेच सांगितले. आपल्या मोजमापाची मर्यादा न विचारता सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास चटकन बसतो.

ती अळंबी गॅनोडर्मा जातीची होती. ती झाडाच्या बुंध्यातील आणि मुळांतील लाकूड आतून कुजवते. बाहेर दिसते ती केवळ तिची फळे असतात, त्यामुळे ऑक्टोबरात ती उपटून मी काहीच साधले नव्हते. मूळ कारण शोधताना बाईंनी कुंपणाच्या भिंतीकडे बोट दाखवून ती कधी बांधली असे विचारले. भिंत आम्ही 2019 मध्ये नव्याने बांधली होती, पायासाठी जेसीबीने खोडापासून दोन फुटांवर चर खणला होता आणि त्या बाजूची मनगटाएवढी मुळे तुटलेली मी स्वतः पाहिली होती. ठेकेदाराने ‘मुळे पुन्हा फुटतात’ असे सांगितले आणि मी ते मानले. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाड सडका भाग दुरुस्त करू शकत नाही, ते त्याच्याभोवती बांध घालून त्याला कोंडून ठेवते. तुटलेले मूळ मोठे असेल आणि वर पेव्हर ब्लॉकने माती दाबलेली असेल, तर तो बांध टिकत नाही. आमच्या अंगणात दोन्ही गोष्टी होत्या. घराची भिंत, गटार किंवा फरशी यांचे काम काढणाऱ्या प्रत्येकाने झाडाजवळचा चर हाताने खणून घ्यावा, एवढे मी या अनुभवावरून कळकळीने सांगेन. त्या वेळी मजुरीचे चार पैसे जास्त गेले असते, पण झाड राहिले असते.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. आई चहा घेऊन बाहेर आली आणि तिने बाईंना सरळ विचारले, “बाई, मोहोर बघा किती आलाय. मरणारे झाड इतके मोहरते का?” बाईंनी तिच्या या प्रश्नाला पूर्ण अर्धा तास दिला. पाणी आणि अन्न वाहून नेण्याचे काम सालीलगतचा थर करतो, मधला गाभा केवळ भार पेलतो. म्हणून गाभा संपलेले झाडही हिरवेगार दिसते, मोहरते, फळते आणि तरीही एखाद्या वाऱ्यात कोसळते, हे त्यांनी वहीत आकृती काढून दाखवले. “काकू, झाड आजारी दिसत नाही म्हणून तुम्हाला मी खोटी वाटेन, पण ते उपाशी नाही, त्याचे गुडघे गेले आहेत,” हे त्यांचे वाक्य आईने नंतर निदान दहा जणांना सांगितले असेल.

झाड ठेवण्याचे जे जे मार्ग होते ते त्यांनी एकेक करून आमच्यासमोर मांडले आणि प्रत्येकाचे उणे तिथल्या तिथे सांगितले. बेचक्याचे दोन्ही हात पोलादी तारेने वर बांधता येतात, पण त्याने फट सावरते, मुळे नव्हे. विस्तार चौथ्या भागाने कमी केला तर वाऱ्याचा भार घटतो, पण कुजणे थांबत नाही, आणि जितकी पाने जातील तितके झाडाचे अन्न घटते. सरसकट शेंडा उडवणे तर त्यांनी साफ नाकारले. कापलेल्या ठिकाणी जे फुटवे येतात ते सालीच्या वरवरच्या थरातून येतात, भराभर जाड होतात आणि पाच-सात वर्षांत तेच तुटून पडू लागतात. रिक्षा आणि हातगाडी दुसरीकडे हलवता येईल, शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर हलवता येणार नाही. हे सगळे सांगून झाल्यावर, पावसाळ्यापूर्वी झाड काढावे, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. ‘तुम्ही ठरवा’ म्हणून जबाबदारी आमच्यावर ढकलली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आईला नेमका तोच आधार हवा होता.

परवानगीबाबतचे त्यांचे मार्गदर्शन नेमके होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा खासगी अंगणातील झाडालाही लागू आहे. बंगला तुमचा, जमीन तुमची, तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही आणि त्याला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते, त्यामुळे अ‍ॅसिडचा तो सल्ला सरळसरळ गुन्ह्याचा होता. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी, सहा ते आठ फूट उंचीची झाडे लावून ती सात वर्षे जगवावी लागतात. आमच्या आंब्याचे वय 43 होते. एका परिचिताने अर्जात ‘अंदाजे वीस वर्षे’ लिहिण्याचे सुचवले, तेव्हा बाईंनी असे केल्यास आपला अहवाल जोडू नये असे बजावले. आम्ही 43 लिहिले. अंगणात तेवढी जागा नसल्याने ती झाडे कोठे लावायची हे उद्यान विभागाशी बोलून ठरवावे लागले आणि त्याचा खर्चही आलाच. अधिकाऱ्यांनी येऊन पाहणी केली, खोडावर हरकतींची नोटीस लागली, आणि 20 मे रोजी परवानगी हातात पडली.

मधल्या तीन महिन्यांसाठी बाईंनी दोन कामे सांगितली होती. पहिले, बेचक्यातील फटीच्या दोन्ही बाजूंना रंगाचा एकेक ठिपका देऊन त्यांतील अंतर दर रविवारी मोजायचे. दुसरे, रिक्षावाल्यांना आणि भाजीवाल्यांना लगेच विनंती करून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला हलवायचे. ठिपक्यांतील अंतर आठवड्यामागून आठवडा दहा सेंटिमीटरच राहिले. 13 मे च्या दुपारी मुंबई-ठाण्यावर धुळीचे वादळ आले. झाड उभे राहिले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून मोजले तेव्हा अंतर 11.2 भरले. त्या दिवसापासून आईने झाड ठेवण्याविषयी पुन्हा शब्द काढला नाही.

कलमांची कल्पनाही बाईंचीच. रायवळ आंबा कोयीपासून लावला तर झाड वेगळेच निघू शकते. तीच कैरी हवी असेल तर त्याच झाडाची काडी हवी. कोकणात कोय कलम (रुजलेल्या कोयीच्या कोंबावर हव्या त्या झाडाची काडी बांधणे) पावसाच्या तोंडावर बांधतात, म्हणून त्यांनी सगळे वेळापत्रक उलटे मोजून दिले. 10 मे ला कोयी रुजत घातल्या. 22 मे ला आईने स्वतः उभे राहून निवडलेल्या वीस काड्यांची पाने, देठ शिल्लक ठेवून, कापून घेतली, म्हणजे डोळे फुगू लागतात. 1 जूनला झाड उतरवायच्या दिवशी सकाळी त्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून रोपवाटिकेत पोचवल्या, तेव्हा कोयींना तांबूस पानांचे कोंब आलेले होते. बारा कलमे बांधली, सात जगली.

तोडणीचे काम बाई करत नाहीत आणि कोणत्याही ठेकेदाराचे नावही सुचवत नाहीत; मात्र ठेकेदाराला काय विचारावे याचे एक पान त्यांनी दिले होते. माणसांचा विमा आहे का, फांद्या दोराने उतरवणार की खाली सोडणार, विजेची तार बंद करून घेणार का, हे प्रश्न विचारल्यावर चौघांपैकी दोघे परत आलेच नाहीत. काम वरून खाली, तुकड्यातुकड्यांनी, दोराने झाले आणि त्याला दोन दिवस लागले. त्याआधी बाईंनी सांगितल्याप्रमाणे वाळक्या फांदीतली तांबट पक्ष्याची ढोली रिकामी असल्याची खात्री करून घेतली. शेवटी बुंधा कापला तेव्हा गल्लीकडच्या अंगाला कवच चार सेंटिमीटरहूनही पातळ निघाले आणि मधल्या पोकळीत माझा हात कोपरापर्यंत गेला.

उणिवाही लिहितो. लेखी अहवाल आठवड्यात मिळेल असे सांगितले होते, तो सोळा दिवसांनी मिळाला आणि तो नऊ पानी अहवाल पूर्ण इंग्रजीत होता. ज्या आईच्या संमतीवाचून झाडाला हात लागणार नव्हता तिला त्यातील एक ओळ वाचता येत नव्हती. मी तसे कळवल्यावर चार दिवसांत बाईंनी स्वहस्ते लिहिलेले दोन पानी मराठी पत्र आईच्या नावाने पाठवले. ते अतिशय चांगले आहे, पण मागावे लागू नये. दुसरे असे की झाड गेल्यावर घराचे काय होईल याविषयी त्यांनी काहीही सांगितले नाही. आमच्या मागच्या दोन खोल्या पश्चिमेकडे आहेत आणि त्या 43 वर्षांत कधीच थेट उन्हात आल्या नव्हत्या. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत रात्री दहापर्यंत गरम लागू लागली आणि घाईघाईने पडवीवर पत्रा घालावा लागला. ही माहिती आधी मिळाली असती तर आम्ही तो खर्च आणि ती सावली दोन्हींची सोय उन्हाळ्यातच केली असती.

तपासणी, अहवाल आणि दोन वेळा फोनवर सल्ला मिळून आम्ही 4,500 रुपये दिले. तोडणीचे 38,000 निराळे. कुजलेली मुळे जमिनीत राहतात म्हणून जुन्या जागी आंबा लावू नये असे बाईंनी सांगितले होते, त्यामुळे दोन कलमे भिंतीपासून बारा फुटांवर, त्यांनी चुन्याने खूण केलेल्या ठिकाणी लावली आहेत, आणि जुन्या जागी तामण लावला आहे. पेव्हर ब्लॉक तेवढ्या भागातून काढून टाकले. उरलेल्या पाच कलमांपैकी एक शेजारच्या काकूंनी मागून नेले.

आमचे काम पाहून गल्लीतल्या आणखी एका घराने त्यांच्या दारातील जांभळासाठी बाईंना बोलावले. जांभळे पडून गाड्यांवर डाग पडतात, पाने गच्चीवर साचतात आणि झाड काढण्यासाठी धोक्याचा अहवाल हवा, अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी तितकाच वेळ देऊन, तसेच ठोकून आणि मोजून, झाड निरोगी आहे, दोन वाळक्या फांद्या परवानगी घेऊन काढाव्यात आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडावे, असे लिहून दिले. शुल्क तेवढेच घेतले. ते कुटुंब नाराज आहे आणि जांभूळ उभे आहे.